घरी लागलं

महिन्यात एकही अपघात नोंदला गेला नाही, तर सुपरवायझर अतुलला पाच हजारांचं बक्षीस होतं. म्हणून कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये कामगार धोंडिबाचं उजव्या हाताचं बोट चेंगरलं, तेव्हा अतुलनं नोंदवहीत 'घरी लागलं' असं लिहिलं आणि धोंडिबानं न वाचताच अंगठा टेकवला. कामावर लागल्याची नोंद असती, तर ड्रेसिंगला गेलेल्या चार दिवसांचा पगार कंपनीनं दिला असता; आता तो कापला गेला.

 करमाड गावातल्या चहाच्या टपरीवर अतुलनं धोंडिबाच्या खिशात दोन हजार कोंबले.

"ठेवा, मामा."

"फुकटचं नाय घेत, सायेब. उसनं म्हणून द्या, दिवाळीला फेडतो. तुमच्यासारखा माणूस घावत नाय."

खरं सांगायला अतुलनं तोंड उघडलं आणि चहा मागवला.

बोट धोंडिबाचं, पगार त्याचाच कापलेला, वर उसनवारीही त्याच्याच डोक्यावर. चहाचे पैसेसुद्धा त्यानंच दिले, डाव्या हातानं.