मागच्या सीटवरचं वजन

दुसऱ्या वळणावर रुखमानं सवयीनं मान मागे वळवली, स्कुटी चुन्याच्या रेघेवरून घसरली आणि तिचा उजवा पाय जमिनीला टेकला.

"पाय टेकला," साहेब म्हणाले.

"थोडासाच टेकला, साहेब."

"थोडासा टेकला तरी टेकलाच ना, बाई. पुढच्या महिन्यात या."

गाडी चालवण्याची परीक्षा घ्यायला साहेब महिन्यातून एकदा चंद्रपूरहून सावलीला येत. तेव्हा मैदानावर चुन्यानं मोठा आठ काढला जाई. त्या आठवरून पाय न टेकवता गाडी फिरवली की लायसन. रुखमाची ही दुसरी खेप होती आणि दोन्ही वेळा ती दुसऱ्याच वळणावर आटोपली होती. साहेब साताऱ्याकडचे, वयानं तरुण, बोलायला मऊ आणि कागदावर कडक होते.

"एक विचारू? तुम्ही मागे वळून कुणाशी बोलता?"

दोरीपलीकडे फाईल छातीशी धरून रुखमाची मुलगी रोशनी उभी होती, तिनं उत्तर दिलं.

"तिले एकटीनं गाडी चालवाची सवय नाई, साहेब. आमच्या रस्त्यानं एकटं कोणी जात नाई."

"का?"

"वाघ राह्यते ना."

पुढे गतिरोधक आहे असं सांगावं, इतक्या साधेपणानं ती हे बोलली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि आपली जीप कुठे उभी आहे ते एकदा पाहून घेतलं.

गाव ते सावली अकरा किलोमीटर, त्यातला चार किलोमीटरचा पट्टा जंगलाचा. तिथून जायचं तर गाडीवर दोघं हवीत आणि मागच्यानं मोठ्यानं बोलत राहायचं, असा गावाचा नेम होता. काय बोलायचं याला बंधन नव्हतं. कोणी सुनेच्या तक्रारी सांगे, कोणी सरपंचाला शिव्या देई. रोशनी अभ्यास म्हणे. चार वर्षांपूर्वी नवरा, सोमाजी गेला, रुखमानं सावलीतल्या शिलाईच्या दुकानात काम धरलं आणि जुनी स्कुटी घेतली. पहिल्या दिवसापासून रोशनी मागे होती. आई दुकानात, लेक शाळेत, मग कॉलेजात. त्यामुळे बेडकाची पचनसंस्था रुखमाला तोंडपाठ होती, पण मागच्या रिकाम्या सीटचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आता रोशनीला गडचिरोलीत नर्सिंगला जागा मिळाली होती. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत हॉस्टेलवर हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. रोशनीनं मात्र अट घातली होती.

"तुले लायसन मिळाल्याशिवाय मी जात नाई."

"मग बस घरी. माह्या लायसनचं न तुह्या शिक्षणाचं काय लागते?"

"नाक्यावर पोलिसानं दोनदा धरलं. दोनदा मीच बोलून सोडवलं. मी नसली का तू काय करशीन? रडशीन."

"मी काऊन रडू?"

"मागच्या टायमाले रडली होती."

रात्री अंथरुणावर रुखमाला एकच गोष्ट टोचत राही: आपल्या एका पायापायी पोरीची जागा जायची.

दुसऱ्या दिवशी रोशनीनं शाळेच्या मैदानावर राखेनं आठ काढला आणि मागच्या सीटवर तांदळाचा पन्नास किलोचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, दोरीनं बांधला. तिचं स्वतःचं वजनही साधारण तेवढंच होतं. रुखमानं आठवरून गाडी अशी फिरवली की बघत राहावं. मग रोज संध्याकाळी रोशनी कट्ट्यातून दोन किलो तांदूळ काढून पिंपात टाकू लागली. आईला कळू न देता आपलं वजन कमी करायचं, अशी तिची युक्ती होती. आईला ती पहिल्याच दिवशी कळली, कारण पिंप तिच्याच घरात होतं.

शेजारची शकुबाई रोज कुंपणाशी येऊन उभी राही.

"रुखमा, कट्ट्याले हवा खायाले नेऊन राह्यली का?"

"परीक्षा आहे, बाई."

"कट्ट्याची?"

पंधरा किलोपर्यंत सगळं ठीक चाललं. दहावर गाडी डुलायला लागली. पाचवर रुखमा धुळीत बसली. कट्टा रिकामा होऊन नुसतं पोतं उरलं तेव्हा तिनं तेही सोडू दिलं नाही.

"राहू दे. काहीतरी असलं का बरं वाटते."

"आई, परीक्षेत पोतं चालत नाई."

"पोत्याचं काई नाई गं. पोतं बोलत नाई, हे खरं दुखणं आहे."

रोशनी हसली नाही. तिनं पोतं सोडलं, त्याची घडी केली आणि काखेत धरून घराकडे चालायला लागली.

परीक्षा सोळा तारखेला होती. मैदानावर तेच साहेब, तोच चुना. रोशनी दोरीपलीकडे, फाईल तिच्या हातात. त्या फाईलमध्ये आता हॉस्टेलचे कागदही होते.

"रुखमाबाई, सावकाश. मागे पाहायचं नाही."

रुखमानं स्कुटी सुरू केली. पहिलं वळण गेलं. पाठीमागून गार वारा लागला आणि तिची मान वळायला लागली. तेवढ्यात तिनं तोंड उघडलं.

"हृदयाले चार कप्पे राह्यते," ती मोठ्यानं म्हणाली.

साहेबांनी कागदावरून वर पाहिलं.

"खराब रक्त पह्यले उजव्या अलिंदात येते!" दुसरं वळण गेलं. "तिथून उजव्या निलयात जाते! तिथून फुप्फुसात!" मधली फुली पार झाली. आवाज रोशनीचाच होता म्हणा ना; तेच हेल, वाक्याच्या शेवटी तोच झटका. आजूबाजूला लायसनसाठी आलेली पोरं हसायला लागली. रुखमाला ती दिसलीच नाहीत. चार वर्षं पाठीमागून ऐकलेलं ती आता पुढे बसून म्हणत होती, आणि गाडी रेघेवरून पाण्यासारखी चालली होती.

"फुप्फुसातून साफ होऊन डाव्या... डाव्या..."

गाडी डुलली. पाय खाली यायला लागला.

"अलिंदात," दोरीपलीकडून रोशनी पुटपुटली. ते आईला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"अलिंदात!" रुखमा ओरडली. पाय वर गेला. "तिथून डाव्या निलयात, न तिथून सगळ्या शरीराले!"

आठ पूर्ण झाला. साहेब कागद घेऊन जवळ आले.

"बाई, तुम्ही दवाखान्यात आहात का?"

"नाई साहेब. ब्लाउज शिवतो मी."

साहेबांनी सही केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रुखमाला इतका आनंद झाला की गाडी बंद करायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. ती तशीच, एकटी, मैदानाच्या कडेनं गाडी चालवत दोरीपाशी आली आणि कागद लेकीपुढे धरला.

"हे घे. झाली मी पास. आता भर तुही पेटी."

रोशनीनं कागद वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग तो फाईलमध्ये, हॉस्टेलच्या कागदांखाली, सारखा करून ठेवत राहिली.

"काऊन गं? तुलेच तं पाह्यजे होतं न लायसन?"

"हो न," रोशनी म्हणाली. तिनं फाईल मिटली, पुन्हा उघडली. "पुढच्या महिन्यात बी येणार होते न साहेब. एवढी काय घाई होती तुले?"