वहिनींनी गाळलेली ओळ

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली दुकानाला. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी मिळतात, चालू झालेलं यंत्र आणि न मागितलेलं मत. मत एकच: कासव काढा, पारवा घाला.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर लावला की पडद्यावर जी सिस्टिम येते, जिच्यात बाकीचं सगळं चालतं, तिच्या दोन जाती आमच्याकडे खपतात. एकीच्या कोपऱ्यात पारव्याचं चित्र असतं, दुसरीच्या कोपऱ्यात कासवाचं. पारवा चपळ, दर दोन वर्षांनी नवा होऊन येणारा. कासव दहा वर्षांपूर्वी जिथे होतं तिथेच. कासववाले त्याला भरवसा म्हणतात, मी आळस म्हणतो. बघा, झालो सुरू. ही माझी खोडच आहे.

माझा थोरला भाऊ पक्का कासववाला. दादा छापखान्यात मुद्रितशोधक होता, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका पकडणारा. वहिनी त्याच छापखान्यात वाचक होत्या. तिथली पद्धत अशी की वाचकानं लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि मुद्रितशोधकानं छापील कागदावर बोट ठेवून ताडून बघायची. एक शब्द गाळायचा नाही, एक शब्द पदरचा घालायचा नाही. सगळं वाचून झालं की वाचकानं म्हणायचं, "प्रत संपली." हे दोन शब्द म्हणजे सहीच. त्यानंतर चूक निघाली तर ती वाचकाच्या माथ्यावर. लग्न झालं, दोघं निवृत्त झाली, तरी घरात तोच खाक्या. विजेचं बिल आलं की वहिनी ते पहिल्या अक्षरापासून खालच्या बारीक सूचनांपर्यंत वाचणार आणि शेवटी "प्रत संपली" म्हणणार. मी त्यांची फार थट्टा करायचो.

पाच वर्षांपूर्वी ही दोघं महिनाभर मुलीकडे गेली होती. घराची किल्ली माझ्याकडे. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी दादाच्या कॉम्प्युटरवरचं कासव काढलं आणि पारवा बसवून ठेवला. भेट म्हणून! फायली सगळ्या जपून ठेवल्या होत्या, पण त्यानं इतक्या वर्षांत जमवलेली मांडणी, कुठल्या खुणेला कुठलं बटन, ते सगळं गेलं. दादा परत आला, खुर्चीवर बसला, पाच मिनिटं पडद्याकडे बघत राहिला. आवाज चढवणं त्याच्या स्वभावातच नाही. एवढंच म्हणाला, "धाकट्या, माझ्या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही." मग त्यानं समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडून कासव परत घालून घेतलं. सख्खा भाऊ दहा मिनिटांवर असताना! ते मला जे झोंबलं ते झोंबलंच.

बोलणं तुटलं नाही. घरी गेलो की हवापाणी, गुडघेदुखी, पुतणीची नोकरी, सगळं व्हायचं. फक्त कॉम्प्युटरचा विषय निघायचा नाही. तो निघायचा चावडीवर. चावडी म्हणजे इंटरनेटवरचं एक पान, तिथे पारवावाले आणि कासववाले टोपणनावांनी एकमेकांच्या उरावर बसतात. मी तिथे 'तिखट'. दादा 'खोडरबर'. मला ठाऊक होतं तो कोण आहे, त्याला ठाऊक होतं मी कोण. समोरासमोर जे बोलता येत नव्हतं ते आम्ही तिथे दोनशे लोकांच्या साक्षीनं भांडत होतो. खरं सांगू, मला ते आवडायचं. सकाळी दुकान उघडलं की आधी खोडरबरनं काय खोडून काढलंय ते बघायचो.

गेल्या वर्षी नवव्या पारव्याची घोषणा झाली. यायला अजून चार महिने होते, पण चावडीवर मतांचा नुसता पाऊस. कुणी म्हणे रंग भडक, कुणी म्हणे जुन्या यंत्रांवर चालणार नाही, कासववाले म्हणे आमच्याकडे हे आधीपासून आहे. मोठा आरडाओरडा झाला तो बटनांवरून. नव्या पारव्यात चालू असलेलं काम थांबवायचं बटन बदलणार होतं. आधी ते कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं होतं, आता खालची लांब पट्टी दाबायची. खोडरबरनं लिहिलं: "थांबवायचं बटन बदलू नये. घाईत माणसाचा हात जुन्याच बटनावर जातो." मी लिहिलं: "सवय लावून घ्या. रडगाणं पुरे."

मग आठवडाभरानं खोडरबरनं एक प्रश्न टाकला. तो मला पाठ आहे.

"नव्या पारव्यात अक्षरं किती मोठी करता येतील? पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आपल्या भाषेत कितपत नीट वाचतो? शिकायला किती दिवस लागतील?"

आता दादाची एक लकब होती. साळसूदपणे काहीतरी विचारायचं, समोरच्यानं ऐटीत उत्तर दिलं की त्यातच त्याला पकडायचं. अशा सापळ्यात मी दहादा सापडलो होतो. मला वाटलं, हा अकरावा. खरं तर नव्या पारव्याची चाचणी आवृत्ती माझ्या दुकानात पहिल्या आठवड्यापासून चालू होती. तो वाचणारा आवाज मी स्वतः ऐकला होता आणि चाट पडलो होतो. फोन उचलून "ये, दाखवतो" म्हणायला किती वेळ लागला असता? पण नाही. मी बाह्या सरसावल्या आणि लिहिलं:

"खोडरबरराव, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी होतात. आवाज बाळाला गोष्ट सांगावी तसा वाचतो. शिकायला शहाण्या माणसाला तीन आठवडे पुरतात, कासवाच्या पाठीवर झोपलेल्याला जन्म पुरणार नाही. वीस वर्षं इतकी चांगली वस्तू समोर असून दिसली नाही, तुमचे ते डोळे आहेत की खाचा?"

दीडशे लोकांनी अंगठे दिले. खोडरबरनं उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यानं काहीच लिहिलं नाही. मी म्हटलं, गार झाला गडी! चार महिन्यांत मी त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, नीट बोलला, हसला. मला काही म्हणजे काही कळलं नाही. यंत्राचा पंखा जरा वेगळा वाजला तर मला दुकानाबाहेरून कळतं, आणि माझा भाऊ माझ्या खांद्याच्या पलीकडे बघून बोलत होता ते कळलं नाही.

नववा पारवा बाजारात आला त्याच आठवड्यात एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. कधी न येणाऱ्या. काउंटरवर पिशवी ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, बोटांना लागतील अशा उठावाच्या अक्षरांचा कीबोर्ड असतो का हो?"

"असतो. कुणाला हवाय?"

"यांना," त्या म्हणाल्या. "यांना दिसत नाही."

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांचा. उशिरा कळला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर येत नाही, उरलेली फार टिकणार नाही. आणि म्हणाले होते, वाचून दाखवणारी सिस्टिम आत्ताच शिकून घ्या, थोडं दिसतंय तोवर. डोळ्यांनी बघत शिकलात तर आठवडे लागतील, अंधारात शिकायला वर्ष जाईल. कासवाचा आवाज आपली भाषा वाचत नव्हता. नवा पारवा वाचणार होता.

"म्हणून त्यांनी चावडीवर विचारलं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, भाऊजींना फोन करा. तर म्हणाले, त्याला टेबलाला हात लावू नको म्हटलंय मी, आता कुठल्या तोंडानं बोलावू? तिथे विचारतो, तो सरळ उत्तर देईल."

मी स्टुलावर बसलो.

"तेव्हा बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती. तुमचं उत्तर मीच वाचून दाखवलं." वहिनी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या. "शेवटची ओळ तेवढी गाळली. हे हसले. म्हणाले, जन्म पुरणार नाही म्हणतो, बरोबर आहे. पण मग पुढे विषयच काढू देईनात. भाऊजी, ती ओळ पुसून टाका तेवढी."

मला ती पुसता येत नव्हती. चावडीचा नियम असा की एका दिवसानंतर आपलं लिहिलेलं आपल्याला बदलता येत नाही. चालकांना तिथल्या तिथे विनंती पाठवली. मग उठावाच्या अक्षरांचा कीबोर्ड काखेत मारला, दुकानाला कुलूप लावलं आणि वहिनींबरोबर निघालो. वाटेत एकदाच मला हुंदका आला, तेव्हा वहिनी दुसरीकडे बघू लागल्या.

दादा टेबलापाशी बसला होता. पावलांच्या आवाजावरून ओळखून म्हणाला, "धाकट्या, आलास? बस. आता टेबलाला हात लावायला हरकत नाही."

हे तो गमतीनं म्हणाला. मला वाटलं, याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कासव काढलं, पारवा घातला. इतक्या वर्षांची माझी हौस ती, आणि फिटली ती अशी. दादाला आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता. तो शेजारी बसून यंत्राचा आवाज ऐकत होता. तासाभरानं सगळं लागलं. मी एका बातमीवर आवाज चालवून दाखवला. वाचणारी बाई खणखणीत, एक अक्षर खाली पडू न देणारी.

"छान वाचते," दादा म्हणाला. "आता चावडी लाव. माझा प्रश्न आणि तुझं उत्तर."

"कशाला ते? दुसरं काहीतरी लावू की."

"तेच लाव." त्याचा आवाज होता तसाच होता. "हिनं वाचलं तेव्हा शेवटी 'प्रत संपली' म्हणाली नाही. वाचलं आणि चहाचं बघते म्हणून उठली. तीस वर्षांत असं कधी झालं नाही. काहीतरी गाळलंय हे मला तेव्हाच कळलं. चार महिने मी ती ओळ स्वतःच्या मनानं लिहून बघतोय. लाव."

वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. चालकांचं उत्तर आलं नव्हतं, ओळ जिथल्या तिथे होती. मला खोटं बोलता आलं असतं, पान निघत नाही म्हणून. त्या माणसाला फसवणं सोपं होतं आता, म्हणूनच जमलं नाही.

बाई वाचू लागली. दुकानाची पाटी झाली, बाळाची गोष्ट झाली, तीन आठवडे झाले. जन्म पुरणार नाही झालं. दादा किंचित हसला. "वीस वर्षं इतकी चांगली वस्तू समोर असून दिसली नाही," बाई त्याच खणखणीत सुरात म्हणाली, आणि मला राहवलं नाही, मी झडप घालून थांबवायचं बटन दाबलं. डाव्या कोपऱ्यातलं. जुनं.

नव्या पारव्यात त्या बटनाचा अर्थ आहे, चालू वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

बाईनं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मी पुन्हा तेच बटन दाबलं. बोटं ऐकेनात. तिनं पुन्हा विचारलं, तुमचे ते डोळे आहेत की खाचा? तेव्हा दादानं हात पुढे केला, बोटांनी चाचपत खालची लांब पट्टी शोधली आणि दाबली. बाई थांबली.

"थांबवायचं बटन बदलू नका म्हणून मी लिहिलं होतं," दादा म्हणाला.

"दादा, मला माहीत नव्हतं रे. देवाशपथ माहीत नव्हतं."

"ते माहीत आहे मला." त्यानं मान दाराकडे वळवली. "झालं का गं सगळं? की अजून आहे?"

वहिनींनी तोंडावरचा पदर बाजूला केला. "नाही," त्या म्हणाल्या. "प्रत संपली."

दादानं मान हलवली. नव्या कीबोर्डवरच्या उठावाच्या अक्षरांवरून त्याची बोटं फिरत होती, एकेका अक्षरापाशी अडत होती. मग म्हणाला, "शिकायला किती दिवस लागतील?"

"तेव्हा सांगितलं असतं," मी म्हणालो, "तर तीन आठवडे लागले असते."

"मी आत्ताचं विचारतोय, धाकट्या," दादा म्हणाला.