तारा धरणारी

दुकानदाराने काडेपेटीएवढा कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि तिच्या नवऱ्याने तो दोन्ही हातांनी अलगद उचलला. घरात या माणसाने कधी पाण्याचा पेला जागचा हलवला नव्हता.

"हा लावला की काम फत्ते," दुकानदार म्हणाला. "ताऱ्यामागे फिरताना दुर्बीण जरा चुकली, की हा लगेच तिला जागेवर आणतो. फोटोत ताऱ्याची रेघ होत नाही. डोळा लावून बसायला माणूस नको."

तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला. तो माणूस म्हणजे तीच होती. लग्न झाल्यापासून ती गच्चीवर मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून बसत आली होती. तारा भिंगातल्या फुलीवरून सरकला की बटण दाबून तो परत फुलीवर आणायचा, पापणीसुद्धा जपून लववायची. मान धरायची, पायांना मुंग्या यायच्या; पण शिवणकामात मुरलेली नजर, तारा काही कधी सुटला नाही. नवरा शेजारी बसून आकाशातल्या गोष्टी सांगायचा. एरवी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा माणूस, तेवढाच काय तो बोलायचा. त्यासाठी तर ती बसायची.

"आत्तापर्यंत हे कोण करायचं?" दुकानदाराने विचारलं.

"मीच. हातानेच करायचो," नवरा म्हणाला. चक्क तिच्यादेखत म्हणाला. मग तिच्याकडे वळून हसला. "सुटलीस बघ! आता खुशाल झोप."

 

मग दुर्बीण जिच्यावर बसवतात ती फिरती बैठक निवडायची होती. नवऱ्याचा हात नेमका सगळ्यात दणकट बैठकीवर पडला.

"एक नंबर आहे, पण जड आहे बरं का," दुकानदार म्हणाला. "दर वेळी गच्चीवर चढवायची, उतरवायची. एकट्याचं काम नाही."

"एकटा कुठाय मी? ही आहे ना!" नवरा तिच्याकडे न बघताच म्हणाला.

तिने पुढे होऊन बैठकीची एक बाजू उचलून पाहिली. जुनी बैठक जिन्यावरून तिनेच वाहिली होती, तिच्या हाताला असलं वजन नवं नव्हतं. तिने ती सावकाश खाली ठेवली.

"यापेक्षा हलकी दाखवा," ती दुकानदाराला म्हणाली.

"हलकी घेतली तर वाऱ्याने हलते, वहिनी. फोटो बिघडतात."

"बिघडू देत. यांना एकट्यालाच उचलायची आहे."