लाल ठोकळ्याची चावी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चावी आहे. चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तिजोरी येत असेल, गेला बाजार एखादं कपाट तरी. मी मात्र संडासाची चावी आहे. हसून घ्या एकदाचं. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या हसण्यात आणि उरलेलं त्यांच्या लाजण्यात गेलं आहे.

रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चावीवाल्याने मला कानशीने घासून घडवलं. माझे दाते उजेडात धरून तो म्हणाला, "एकदम फर्स्टक्लास!" माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. तिथून मी शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यात आले. कारखान्याचा संडास जिन्यात होता. येणारेजाणारे आत घुसून घाण करत, म्हणून त्याला कुलूप लावलं होतं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

पण मी हरवू नये म्हणून मास्तरांनी मला विटेएवढा लाकडी ठोकळा बांधला, त्याला लालभडक रंग फासला आणि मला आपल्या टेबलावर नेऊन ठेवलं. मास्तर म्हणजे कापड बेतणारे. सगळ्यांवर देखरेखही त्यांचीच. आता ज्याला जायचं असेल त्याने शिलाईच्या मशिनींमधून वाट काढत मास्तरांसमोर यायचं, तो ठोकळा उचलायचा आणि सगळ्यांच्या देखत मिरवत जिन्यात जायचं. इस्त्रीवाले काका शीळ घालत मला उचलून न्यायचे. बायकांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून त्यांनी एक शब्द शोधून काढला. "मास्तर, दोरा बदलून येते," असं त्या म्हणायच्या. कोणता दोरा ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, पण काम अडलं की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मघाशीच बदललास ना? किती दोरा लागतो गं तुला?" पुरुष खुदकन हसायचे. माझी तर तळपायाची आग मस्तकात जायची, पण चावीला विचारतो कोण?

या दोऱ्यापायी सर्वांत जास्त हाल झाले ते कॉलरवालीचे. ती शर्टांना कॉलर बसवायची. हात असा की उलटसुलट करून पाहिलं तरी टाका दिसायचा नाही. तिला सारखी उन्हाळी लागायची. म्हणजे लघवी करताना आग व्हायची, चार थेंब यायचे, आणि परत येऊन मशिनीवर बसते न बसते तोच पुन्हा कळ. पुन्हा मास्तर, पुन्हा ठोकळा, पुन्हा ते हसणं. शेवटी तिने स्वतःच्या डोक्याने उपाय काढला. तिने पाणी पिणंच सोडलं! सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जायची. ना प्यायचं, ना जायचं. अगं बये, असं मी मनातल्या मनात किती ओरडले असेन!

घरीही आनंदच होता. जिन्यात ती काज करणाऱ्या मैत्रिणीला सांगायची ते माझ्या कानावर पडायचं. सासूबाई म्हणायच्या, "उष्णता झालीय तुला. उन्हात फिरू नकोस." आता ही बाई दिवसभर ट्यूबलाइटखाली बसलेली! ऐन थंडीत, अंगात स्वेटर असतानाही हिला उन्हाळी लागायची, तेव्हा तरी कुणाला शंका यावी की नाही? पण नावातच उन्हाळा, मग दोष उन्हाला देऊन सगळे मोकळे. दुखणं फार वाढलं की ती डॉक्टरांकडून गोळ्या आणायची, जरा बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवायची आणि पुढच्या वेळी त्याच घ्यायची. दुखणं काही दिवस दडी मारायचं आणि पुन्हा हजर व्हायचं. पाव्हण्यासारखं नाही, घरच्यासारखं.

एकदा दुपारी तिला हुडहुडी भरली. कमरेच्या वर, एका बाजूला असं दुखू लागलं की तिला ताठ बसवेना. मी तिच्या मशिनीवरच होते, कारण ती नुकतीच जाऊन आली होती. काजवाली धावत आली. हात लावून म्हणाली, "अगं, तापाने फणफणलीयस! चल आधी." घाईघाईत तिने मशिनीवरचं होतं नव्हतं ते कॉलरवालीच्या पिशवीत कोंबलं आणि त्या दोघी निघाल्या. त्यात मीही गेले, ठोकळ्यासकट!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले. कॉलरवालीने पिशवीत हात घातला आणि कागदांच्या आधी मीच टेबलावर धाडकन पडले.

"हे काय?" डॉक्टरीणबाई दचकल्या.

"अगं बाई! चावी!" काजवालीने कपाळावर हात मारला.

"कसली चावी?"

कॉलरवालीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दोऱ्याची."

"दोऱ्याला चावी लागते?"

ती खाली मान घालून बसली. मग ती पुटपुटली, "लघवीला जायची." आणि एकदा बांध फुटला तसं सगळं बाहेर आलं: ठोकळा, मास्तर, न प्यायलेलं पाणी, डब्यातल्या गोळ्या. मग ती रडत म्हणाली, "मी स्वच्छ राहते हो, बाई. तरी मलाच का होतं हे?"

"घाणीचा काय संबंध?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा जंतूंचा आजार आहे. बायकांचा लघवीचा मार्ग आखूड असतो, जंतू पटकन वर चढतात. काळजी घेऊनही काहीजणींना पुन्हापुन्हा होतो. पण तू पाणी पीत नाहीस, तासन्‌तास दाबून धरतेस, गोळ्या अर्धवट सोडतेस, म्हणजे त्या जंतूंना आयतं रान मोकळं! आता ते किडनीपर्यंत पोचलेत असं दिसतंय. खेळ नाही हा. लघवी तपासायला दे, आणि यावेळचं औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं. कळलं?"

"कळलं. पण चावी तर मागावीच लागेल ना?" कॉलरवालीने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या ठोकळ्यासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

इकडे कारखान्यात काय गोंधळ उडाला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. काजवालीने मला परत आणलं तेव्हा सगळे तेच बोलत होते. चावी गायब झाल्यावर सर्वांत आधी मास्तरांनाच लागली होती! ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागले, तेव्हा इस्त्रीवाल्या काकांनी स्क्रू काढून कडीकोयंडाच उपटला. आता तरी माणूस शहाणा व्हावा की नाही? छे! मी परतले, त्यांनी कोयंडा पुन्हा ठोकून घेतला आणि मला उचलून पुन्हा आपल्या टेबलावर ठेवलं. मी अक्षरशः कपाळाला हात लावला असता, पण चावीला ना कपाळ, ना हात.

बरी होऊन कॉलरवाली कामावर आली. दुपारपर्यंत तिने बाटली रिकामी केली. मग ती उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय, दोरा बदलायचाय?" मास्तर म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "लघवीला जायचंय. रोज जायचंय, लागेल तेव्हा जायचंय. माझ्या किडनीला ताप आला होता, मास्तर. ही चावी दाराशेजारी खिळ्याला लावा."

मशिनी थांबल्या. यावेळी कुणी हसलं नाही. "मलाही जायचंय," मागून काजवाली म्हणाली. मग आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. मास्तरांचे कान माझ्या ठोकळ्यापेक्षा लाल झाले. "मग मला काय विचारता? जा की!" ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. इस्त्रीवाल्या काकांनी खिळा ठोकला आणि ठोकळ्याची दोरीही कापून टाकली.

आता मी त्या खिळ्यावर असते. कॉलरवालीचं दुखणं एकदम गेलं असं मुळीच नाही. मध्ये ते पुन्हा डोकावलं, पण ती त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि गोळ्या पूर्ण घेतल्या.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. पाणी प्या, दाबून धरू नका, कुणी उठून जात असेल तर दात काढू नका. आणि हे वाचताना तुमच्यापैकी कुणी पाय आवळून बसलं असेल, तर माझं आत्मवृत्त गेलं खड्ड्यात. आधी जाऊन या!