न्यायबाबांचा तिसरा कान

कोंढ्याच्या मातामाय देवीच्या देवळापुढच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. धानाची कापणी उरकली होती, हात रिकामे होते आणि गावात न्यायबाबा उतरले होते. भगवी कफनी, डोळ्यांवर काळी पट्टी, तोंड भिंतीकडे. तिघांपैकी एकानं अंगठी लपवायची, तिघांनीही 'माझ्याजवळ नाही' म्हणायचं आणि बाबांनी खोटारडा ओळखायचा. बाबा कधी चुकत नसत.

"झूठे की आवाज काली होती है. मेरे तीसरे कान को दिखती है," बाबा गरजत. कानाला दिसतं कसं, हे कोणी विचारत नव्हतं. लोक नारळ ठेवत होते.

शाळेतल्या शकुंतलाबाईंना हसू येई, पण खेळच तो, म्हणून त्या गप्प होत्या. मग पंचांनी बाबांना देवीच्या चोरीला गेलेल्या चांदीच्या डोळ्यांबद्दल विचारलं. देवळात सारवण करणाऱ्या धुरपताला उभं केलं गेलं. बाबांच्या चेल्यानं तिला "बोला जी" म्हटलं. मी घेतले नाहीत, असं ती म्हणाली आणि बाबांना तिचा आवाज काळा दिसला. लगेच गोमाजी आणि बाबूलाल साक्षीला धावले. धुरपता मूठ झाकून देवळातून निघाली होती म्हणे. तिचं घर वाळीत टाकायचं ठरलं. तिच्या मुलीची सोयरीक शहापूरला जुळली होती. तिकडूनही थांबा असा निरोप आला.

धुरपता शाळेच्या पायरीवर येऊन बसली. "बाई, माहा आवाजच खोटा म्हणते तो. आता मी कोन्त्या आवाजानं बोलू?"

शकुंतलाबाईंचं हसू गेलं. पुढच्या बैठकीला त्यांनी बाबांकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते त्यांचा चेला ताराचंद याच्याकडे. अंगठी कोण लपवतं ते हा उघड्या डोळ्यांनी बघे आणि एकेकाला बोलायला सांगे. दोघांना नुसतं "बोला". अंगठीवाल्याला मात्र "बोला जी". बाबांच्या तिसऱ्या कानाला एवढा एक 'जी' पुरत होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक डाव मागितला आणि गावातल्या तीन बायका पुढं केल्या. बेबीबाईनं ताराचंदच्या डोळ्यांदेखत अंगठी ओटीत खोचली आणि खाली बसताना, आधी ठरल्याप्रमाणे, पदराआडून शेजारच्या रत्नाबाईच्या हातात सरकवली. तिसरी कुंताबाई. तिघींनी 'नाही' म्हटलं. बेबीबाईला 'जी' मिळाला.

"बेबी झूठी!" बाबा गरजले.

बेबीबाईनं ओटी झटकून दाखवली. रत्नाबाईनं मूठ उघडली. अंगठी तिथं होती.

बाईंनी 'जी'ची गंमत सांगितली, धुरपतालाही तोच 'जी' मिळाला होता याची आठवण करून दिली आणि ताराचंदला बाहेर बसवून पुन्हा खेळा म्हणाल्या. बाबांची शक्ती नेमकी तेव्हाच थकली.

मग बाई गोमाजीकडे वळल्या. "तुम्ही मूठ पाह्यली का? तुमच्या डोळ्यानं?"

गोमाजी चुळबुळला. पाहिली नव्हती, बाबूलालनं सांगितलं होतं. बाबूलालला विचारलं, तर त्यानं मान खाली घालून ताराचंदकडे बोट दाखवलं. ताराचंद तर देवीचे डोळे चोरीला गेल्यानंतर गावात आला होता. गाव ज्या दोन साक्षी मानत होतं, त्या एकाच तोंडातल्या निघाल्या, आणि ते तोंडही परगावचं.

"मंग चोर कोन?" एका पंचानं विचारलं.

"मले मालूम नाही," बाई म्हणाल्या. "तुमालेही नाही. मालूम नसन तं तसं म्हणावं. बाईमाणसाचं घर काहून जाळता?"

बाबा आणि चेला नारळांचं पोतं उचलून पवनीच्या गाडीनं गेले. पंचांनी वाळीत टाकण्याचा ठराव मागं घेतला आणि स्वतः शहापूरला जाऊन तसं सांगून आले. सोयरीक टिकली. देवीचे डोळे काही सापडले नाहीत. पुढं वर्गणी काढून नवे बसवले.

गडे हो, कोणी काही छातीठोकपणे सांगू लागला, की त्याच्या कफनीचा रंग पाहू नका. तुला हे कसं कळलं, एवढंच विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर आपलं डोकं त्याच्या पायावर ठेवू नका. ते खांद्यावरच कामाचं असतं.