उघडा कोपरा

भाद्रपदातल्या ओलसर दुपारी, ढगांच्या सांदीतून ऊन पाणी घातलेल्या ताकासारखं पातळ गळत असताना, जुन्या कापडाच्या पाच थरांतून सुई पलीकडे जाते तेव्हा एक आवाज होतो : खस्स. त्यामागोमाग धागा ओढला जातो, लांब, सावकाश, एखाद्या निवांत उच्छ्वासासारखा. मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा खस्स. गेलेल्या माणसाचा गळा कानात राहतो म्हणतात. माझ्या थोरल्या जावेचा, सुभद्राबाईंचा गळा आठवायला मला प्रयास पडतात, सुई मात्र न बोलावता येते. बुलडाण्याच्या माझ्या घरात खिडकीच्या जाळीवरून पडदा खस्सकन सरकला की ती ऐकू येते आणि मी हातातलं काम टाकून वळते. दिवसाउजेडी येणाऱ्या सावल्या फार सभ्य असतात. त्या भिववत नाहीत, नुसत्या वाट पाहतात. तेच सोसवत नाही.

सोनाळ्याला आमच्या सासरच्या घरामागे विहीर आहे आणि विहिरीवर ओणवलेली एक बाभूळ. पाण्यात काहीतरी मोलाचं पडलं आहे आणि ती ते जन्मभर शोधते आहे, अशी तिची मुद्रा. तिच्या फांद्यांच्या टोकांना सुगरणींची घरटी लोंबतात. पलीकडे सातपुडा, पावसाळ्यात हिरव्यापेक्षा काळाच अधिक. या चित्राच्या ऐन मध्यभागी, विहिरीच्या ओट्यावर, एक पाय लांब सोडून आणि दुसरा दुमडून बाई बसायच्या. मांडीवर गोधडी, दातांत धागा, नजर मात्र बहुधा भलतीकडेच. टाका त्यांची बोटं घालत. डोळे बाभळीवर, बांधावर, नाल्याच्या काठावर हिंडत असत.

गोधड्या शिवणं हा त्यांचा व्यवसाय होता. पंचक्रोशीतल्या बायका घरातली जुनी लुगडी, धोतरं, कुणाचा सदरा, कुणाचं बाळंतपणातलं पातळ आणून देत आणि बाई त्यांचे थर रचून चारी काठांनी टाके घालत आत आत येत जात. पण निम्म्यावर आल्या की थांबत. मध्य मोकळा आणि एक कोपरा न शिवलेला, अशा अवस्थेत गोधडी घडी घालून ठेवून देत आणि जिची असेल तिला निरोप पाठवत. तिने यायचं, त्या उघड्या कोपऱ्यातून आत हात घालायचा, थर चाचपायचे, आणि आपल्या मनातलं एखादं कापड, आईची चोळी, गेलेल्या लेकराचं टोपडं, आपल्या हाताने मध्यावर सरकवायचं. मग म्हणायचं, "पसंत हाय." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय बाईंची सुई पुढे सरकत नसे, मग थंडी पडो की गिऱ्हाईक रुसो.

या सोहळ्याकडे नाक मुरडून पाहणारी एक नवी नवरी त्या घरात होती. घाटावरची, चिखलीची, वाणिज्य शाखेची पदवीधर. शोभेपुरता बिनकाचेचा चष्मा लावणारी आणि घाटाखालच्या उकाड्यातही पुस्तकी मराठीचा पदर डोक्यावरून ढळू न देणारी. बाई "मले" म्हणाल्या की ही हळूच "मला" म्हणून दुरुस्ती करी. ओळखलं असेलच, ती मीच. त्या नवरीला मी आज रस्त्यात भेटले, तर तिच्या चष्म्यात बोट घालून काच नाही याची आधी खात्री करून घेईन.

हिने आल्या वर्षीच एक कापडी पाटी रंगवली. तांबड्या ठळक अक्षरांत 'सुभद्रा गोधडी केंद्र', आणि खाली दोन कमळं, जी पाहून शेजारणीने विचारलं होतं की हे कांदे कायले काढले वं. ती पाटी मी आठवडी बाजारात दोन बांबूंना ताणून बांधली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागले. बाई तिच्या सावलीत शिवत बसल्या. घरी परतताना पडीक वावरातून एक टिटवी आमच्यापासून दूर, पलीकडच्या बांधावर घिरट्या घालत कर्कश ओरडू लागली. मी कानांवर हात ठेवले. बाई थबकल्या.

"पाह्य शाले, हे तिकडं काऊन वरडून राह्यली?"

"अपशकुन करायला."

"अवं, तिचे अंडे इकडं हायेत, आपल्या पायापाशी. जतन करायचं हाय तिथं ते चूप असते. वरडते दुसरीकडं जाऊन."

खरोखरच, दोन पावलांवर, खड्यांच्या रंगात विरघळलेली चार अंडी होती. मी पाटी काखेत घट्ट धरली. बाई चालू लागल्या. त्यांना उपदेश पुरा करण्याची खोड नव्हती. उपदेशही त्या अर्धाच शिवत आणि एक कोपरा उघडा ठेवत. पुढच्या बाजारापासून ती पाटी दिसली नाही. उंदरांनी कुरतडली असेल, असं मी सोयीस्करपणे समजून घेतलं.

अशा त्यांच्या शाळा कुठेही भरत. नाल्याच्या पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा दाखवून म्हणायच्या, "गिऱ्हाइकाच्या मांगं पयणारा बगळा पाह्यला का तू कधी?" मी तर पळत असेच. पण त्यांचा खरा गुरू बाभळीवर होता. ओल्या गवताची लांब हिरवी पाती चोचीत धरून सुगरणीचा पिवळ्या डोक्याचा नर येई, गाठी मारी, वळसे घेई, आणि उलट्या टांगलेल्या टोपीएवढं घरटं झालं की काम टाकून पंख फडफडवत ओरडत राही.

"आता मादी येईन," बाई कुजबुजायच्या, जणू लग्नाची मुलगी दाखवण्याचा प्रसंग आहे. "आत डोकं घालीन, इकडून तिकडून ओढून पाहीन. पसंत पडलं त मंग हा पुढचं बांधते."

"आणि नाही पडलं तर?"

"त दुसरं बांधते. रुसत नाई." मग डोळे बारीक करून, "न् मेहनत सारी त्याची, नाव मात्र सुगरणीचं. हे घरधन्याले सांगू नको हो, नाईतर फुगून बसतीन."

आणि त्या हसायच्या. ते हसणं विहिरीत उतरून, पाण्याला शिवून, किंचित ओलं होऊन परत यायचं.

मी हसले नाही, कारण त्याच सुमारास मी अकोल्याच्या एका दुकानदाराकडून चाळीस गोधड्यांचं काम आणलं होतं. नवं कोरं कापड, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. सहा बायका कामाला बसवल्या. बाई एवढंच म्हणाल्या, "एक अर्धी करून त्याले दाखव पह्यले." मी त्यांना वेळेचं महत्त्व समजावून सांगितलं. जिने श्रावणापासून कार्तिकापर्यंतचे महिने एका पाखराकडे पाहत काढले होते, तिला मी वेळेचं महत्त्व सांगितलं! चाळीसच्या चाळीस गोधड्या चारी कोपरे बंद करून मी पाठवल्या आणि पंधरा दिवसांत त्या तशाच परत आल्या. त्याला पातळ हव्या होत्या, प्रवासात नेण्याजोग्या. ओसरीवर ढिगारा पडला. घरातलं कुणी माझ्याशी बोलेना. बाई एक गोधडी घेऊन ओट्यावर बसल्या, धाग्याचं टोक शोधलं आणि मला हाक मारली, "ये, बस इथं. मी धागा ओढतो, तू गुंडाय." साऱ्या हिवाळ्यात आम्ही उसवत होतो. त्या ओढत गेल्या, मी रिळाभोवती गुंडाळत गेले, आणि एकदाही, शपथेवर सांगते, एकदाही त्यांनी बाभळीकडे बोट दाखवलं नाही. वर वाऱ्यात नाकारलेली अर्धी घरटी सुकून, तपकिरी होऊन, रिकामी हेलकावत होती.

पुढे यजमानांची दुसऱ्या शाळेत बदली झाली आणि आम्ही बुलडाण्याला आलो. बाई तिथेच राहिल्या, बाभूळ राहिली. आणि वय झाल्यावर, काळाचा विनोद पाहा, मी व्याख्याती झाले! बचत गटांच्या मेळाव्यांत 'निसर्ग शिकवतो व्यवसाय' या विषयावर बोलायला मला बोलावू लागले. मी बगळा सांगे, टिटवी सांगे, आणि शेवटी आवाज किंचित खाली आणून अर्ध्या घरट्याची गोष्ट सांगे. तिथे हमखास टाळ्या पडत. उंद्रीच्या मेळाव्यात तर एका श्रोतीने डोळे पुसले. सत्काराच्या शाली कपाटात साचत गेल्या. ही दृष्टी तुम्हाला कुठून लाभली, असं कुणी विचारलं की मी स्मित करून म्हणे, "निरीक्षणातून." निरीक्षण कुणाचं, ते मी सांगत नसे. तरुणपणीच्या त्या बिनकाचेच्या चष्म्याला हसण्याचा मला काय अधिकार. सत्तरीला आल्यावर मी तोच पुन्हा लावला होता, फक्त व्यासपीठावर.

त्याच वर्षी संक्रांतीनंतर बाईंचा फोन आला.

"शाले, तुह्यासाठी गोधडी घेतली हो शिवाले. अर्धी झाली. येऊन हात घालून पाह्य. येताना तुहं एखांदं कापड आण."

"येते बाई, पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात गुडघा दुखत होता. चैत्रात पुन्हा फोन आला तेव्हा घाटाखाली ऊन फार होतं. तिसरा फोन आषाढात, वडनेर भोलजीच्या मेळाव्याला निघताना आला. गाडी दाराशी उभी, केसांत फूल खोचत मी म्हटलं, "अहो बाई, करून टाका ना पुरी! तुमच्या हातचं मला आवडणार नाही असं होईल का?"

 त्या हळूच म्हणाल्या, "तसं नसते वं ते." आणि माझी दुरुस्ती करावी तशा हळुवारपणे त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशीही मी अर्ध्या घरट्याची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या.

श्रावणात बाई गेल्या. तेराव्यापर्यंत मी सोनाळ्याला होते. गोधडीचं नाव कुणी काढलं नाही आणि मला विचारण्याचं धैर्य झालं नाही. त्यानंतर मी कुठेही बोलायला गेले नाही. घसा बिघडला, असं सांगितलं. तसं ते फार खोटं नव्हतं. दोन वर्षं पडदा जाळीवरून सरकत राहिला, सुई थर भेदत राहिली, आणि यंदाच्या भाद्रपदात त्यांच्या सुनेचा, मंदाचा फोन आला. "काकू, ते गोधडी घेऊन जा न तुमची. तिच्यात सुई तशीच टोचेल हाय. मले तिले पाह्यलं की काम सुचत नाई."

दोन एस्ट्या बदलून मी गेले. पिशवीत सत्काराची सगळ्यांत भारी शाल घेतली होती, मध्यावर सरकवायला. ओट्यावर, बाईंच्या जागेच्या थोडं अलीकडे बसले, कारण ती जागा रिकामी आहे हे काही केल्या डोळ्यांना पटेना. मंदाने गोधडी मांडीवर आणून ठेवली. चारी काठांनी दोन दोन वितींवर आलेले टाके, भातासारखे बारीक, मध्ये पोकळ मऊपणा, आणि एक कोपरा उघडा. त्याच्या कडेला सुई, तिच्यात ओवलेला पांढरा धागा.

मी हात घातला. पातळाचा थर लागला, मग त्यांच्या सुती लुगड्याचा झिजून साय झालेला पोत. आणि त्यांच्या खाली, ऐन मध्यात, बोटांना काहीतरी खरखरीत, रंगाने ताठरलेलं जाणवलं. मी ते थोडं कोपऱ्याशी ओढलं. फिकट तांबडं अक्षर दिसलं. मग अर्धं कमळ. शेजारीण खरं बोलली होती, तो कांदाच होता.

पन्नास वर्षं त्यांनी ती पाटी जपली होती. आणि जपून ठेवली होती ती टिटवीच्या रीतीने, जिथे काहीही बोलायचं नसतं अशा जागी.

शाल पिशवीतच राहिली. माझं कापड आधीच आत होतं. तिथे नव्हते ते केवळ माझे दोन शब्द. बाभळीवर एक नर पंख फडफडवत होता. मी पाटी पुन्हा मध्यावर सरकवली, थर सारखे केले, आणि जी बोली मी त्या घरात राहून कधी जिभेवर टेकू दिली नव्हती, तिच्यात म्हटलं, "पसंत हाय, बाई."

मंदा दारातून डोकावली. "काय म्हणलं काकू?"

"तुले नाही."

 ती पदराने हात पुसत म्हणाली, "मी करून देऊ का पुरी? दोन दिसांचं काम हाय."

मी नको म्हटलं. सुई तेवढी काढून तिला दिली. पोरीची बोटं बाईंसारखीच लांब आहेत.

आता ती गोधडी मी पांघरते. काठांचे टाके जिथले तिथे राहतात. मध्य शिवलेला नाही म्हणून थर एकमेकांवरून सरकतात आणि पाटीची गुंडाळी होऊन एका बाजूला जमते. रोज सकाळी मी खिडकीशी बसते, उघड्या कोपऱ्यातून कोपरापर्यंत हात घालते आणि एकेक थर चाचपून पुन्हा पसरते. पडदा जाळीवरून सरकतो, मी वळून पाहत नाही. गेलेली वर्षं शिवून बंद करता आली असती तर ती एव्हाना कपाटात गेली असती. बाई मात्र रोज त्या कोपऱ्याशी माझ्या उत्तरासाठी थांबतात, आणि हात आत असेतो मला तेच उत्तर पुन्हा देता येतं.