दगडावरची रिकामी जागा

आमच्या मावशीने कापडाचा खंड्या केला, तो मांजराने खाल्ला. मावशी म्हणायची, निम्माच खाल्ला. पण तिला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तिचा आकडा मी नेहमी दुप्पट करून सांगतो.

चिंध्यांची चित्रं करणं हे तिचं वेड. घरामागचं तळं, त्यातले पक्षी, पलीकडची टेकडी. टेकडीचं कापड ती उलट्या बाजूने लावायची. उलटी बाजू फिकी, आणि फिकं ते लांबचं दिसतं. मावशी दारात दिसली की आम्ही आपापले शर्ट लपवायचो. पोस्टमन एकदा पाणी प्यायला टेकला, तो खिशाशिवाय परत गेला. वाळक्या लव्हाळ्याला नेमका तसाच खाकी रंग हवा होता.

तिचा नियम मात्र एकच, आणि तो लोखंडी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच जीव चित्रात घ्यायचा. ऐकीव बेडूकसुद्धा नाही.

या नियमापुढे काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, हात टेकले होते. काका घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नाच्या वर्षी त्यांना तळ्यातल्या चपट्या दगडावर पाणमांजर दिसलं होतं. पुढच्या पायांत मासा आडवा धरलेला, आपण कणीस खातो तसा. त्यांनी गल्लीभर सांगितलं आणि गल्लीभर हसं झालं.

"भिंग डोळ्यालाच राहिलं असेल. उंदीर असणार तो!"

लोक हसले त्याचं काकांना काही नव्हतं. मावशीने तेवढं ते पाणमांजर दगडावर बसवावं, एवढीच त्यांची इच्छा. नवं चित्र झालं की त्यांची नजर आधी दगडावर.

"अगं, जागा आहे की इथे."

"जागा आहे, पाणमांजर नाही."

"मी पाहिलंय ना!"

"मग तुम्हीच शिवा."

अशी वर्षं गेली आणि काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी हात वर केले. दुकान बंद झालं. काचेच्या कपाटात घड्याळांखाली अंथरलेली तपकिरी मखमल काकांनी घरी आणली. पोस्टमनचा खिसा न सोडणाऱ्या मावशीने तिला कात्री लावली नाही. घडी घालून ठेवून दिली.

मग तिने भिंतीएवढं मोठं तळं करायला घेतलं. काका कापडाला नाक लावून दगड शोधायचे.

"आता घाई कर बाई," एकदा ते हसत म्हणाले. "दिसायचं थांबल्यावर बसवलंस तर मला काय कळणार?"

हसले ते एकटेच. मावशीने दोरा तोडला आणि संध्याकाळी मला हाक मारली. "चल रे, तळ्यावर. यांचा हात धर."

रोज जाऊन बसायला लागलो. पाणकोंबड्या आल्या, बगळे आले, डास तर इतके आले की मला उचलून निम्म्या वाटेवर नेऊन ठेवलं. पाणमांजर काही येईना. एका संध्याकाळी दगडापाशी काहीतरी काळं वर आलं आणि डुललं. काकांनी मावशीचं मनगट घट्ट पकडलं.

"ते बघ! अगं, दिसलं का?"

मला चांगलं दिसलं. सायकलची फुटकी ट्यूब होती. मावशीचा चष्माही स्वच्छ होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"दिसलं," ती म्हणाली. "मासा आडवाच धरलाय मेल्याने."

मी तोंड उघडलं तेवढ्यात तिने मांडीला असा चिमटा काढला की तीन वर्षं मी त्या बाजूला वळून झोपलो नाही.

घरी आल्या आल्या मखमल निघाली. पेन्सिल नाही, खूण नाही, थेट कात्री. चपटं डोकं, दोऱ्याच्या मिशा, आडवा मासा.

"शेपूट बुडाशी जरा जाड..." काका बोलायला लागले.

"मला शिकवू नका. मी पाहिलंय."

मखमल एका बाजूने चोपली की कोरडी दिसते आणि दुसऱ्या बाजूने ओली. मावशीने ओली बाजू धरून ती दगडावर टाचली, मग काकांचं बोट उचलून तिथे ठेवलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत ते बोट सावकाश गेलं. परत गेलं.

"आत्ताच वर आलंय गं," काका म्हणाले.

मावशी पाहिलं म्हणाली म्हटल्यावर गल्लीची बोलती बंद. पुढे काका गेले, मावशी गेली, तळंही बुजलं. चित्र माझ्याकडे आहे. जुनं कोणी आलं की दगडाकडे बघून विचारतं, "तूही होतास ना रे तिथे? खरंच होतं?"

"म्हणजे काय!" मी सांगतो. "त्याने बुडी मारली तेव्हा चिंब भिजलो मी."